डब्यातली लवंग आणि बाटलीतलं तेल

वाचकाचं पत्र

ताई, आम्ही घणसोलीला राहतो. मुलगी आठ महिन्यांची आहे. दात येताहेत म्हणून रात्र रात्र रडते. सासूबाई तिच्या हिरड्यांना लवंगेचं तेल लावायला बघतात. त्यांच्या मते ते तेल सगळ्यावर चालतं. स्वतःच्या गुडघ्यांना तेच, साखरेला मुंग्या लागल्या तरी तेच, डासांना तेच, पावसाळ्यात कपाटामागे बुरशी धरली तरी तेच. मिस्टरांची एक दाढ किडली आहे. दिवाळीपासून डेंटिस्टकडे जायचं टाळताहेत आणि रोज सकाळी ऐरोलीला ऑफिसला निघताना तेलात बुडवलेला कापूस दाढेत धरतात. आता तिथल्या हिरडीवर पांढरा चट्टा आलाय. मी काही बोलले की सासूबाई म्हणतात, “आमच्या घरात चार पिढ्या लवंग वापरली, कुणाला काही झालं नाही.” मी उगाच घाबरतेय का?

– घणसोलीची सून

उत्तर

बाळाच्या बाबतीत तुम्ही मुळीच उगाच घाबरत नाही आहात. बाकीच्या बाबतीत थोडं तुमचं बरोबर आहे आणि थोडं सासूबाईंचं. ते पुढे सांगते. आधी बाळाचं, कारण त्यात उद्यावर ढकलण्यासारखं काही नाही.

आठ महिन्यांच्या बाळाच्या तोंडात लवंगेचं तेल जाता कामा नये. एक थेंब नाही, बोटाला पुसून नाही, खोबरेल तेलात कालवूनही नाही. बाळाच्या तोंडातली त्वचा इतकी नाजूक असते की ती भाजते, आणि लावलेलं तेल बाळ गिळतंच. हे तेल जास्त पोटात गेलं तर घाव यकृतावर बसतो. दोन वर्षांच्या एका मुलाने ५ ते १० मिली तेल प्यायल्याची वैद्यकीय नोंद आहे. म्हणजे एक ते दोन छोटे चमचे. मूल बेशुद्ध झालं, झटके आले, यकृत निकामी व्हायला लागलं. वेळेत अतिदक्षता विभागात नेलं म्हणून वाचलं. अशा मुलांना बहुतेक वेळा तेच औषध द्यावं लागतं जे पॅरासिटामॉल जास्त पोटात गेल्यावर देतात, इतका हा मार त्या विषबाधेसारखा असतो.

माझा जन्म मेडिकलच्या काउंटरमागे गेलाय, म्हणून सासूबाईंच्या हेतूपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची भीती जास्त वाटते. लवंगेच्या तेलाची बाटली आणि बाळाच्या व्हिटॅमिन डीच्या थेंबांची बाटली शेजारी ठेवून बघा. दोन्ही करंगळीएवढ्या, दोन्ही बहुतेक वेळा तपकिरी. रात्री दीडला, दिवा न लावता, रडतं बाळ काखेत घेऊन कुणीही चुकेल. कानाच्या थेंबांचंही तसंच. ती बाटली आज उठा आणि औषधांच्या डब्यातून काढा. वरच्या कपाटात, कुलपाच्या खणात, जिथे वाटेल तिथे ठेवा, पण बाळाच्या औषधांच्या शेजारी नको. तुमची लेक आणखी दोन-तीन महिन्यांत धरून उभी राहायला लागेल, हेही लक्षात असू द्या.

कधी चुकून पोटात गेलंच तर उलटी काढायला जाऊ नका. मीठपाणी, बोट घालणं, काही नाही. उलटीबरोबर तेल फुप्फुसात शिरलं तर दुखणं वाढतं. तोंड ओल्या फडक्याने पुसा, बाटली बरोबर घ्या आणि सरळ हॉस्पिटल गाठा किंवा १०८ला फोन करा. मूल हसतंखेळतं दिसतंय म्हणून घरी थांबू नका.

मग दातांचं काय करायचं? हात स्वच्छ धुवून बोटाने हिरडी हलकी चोळा. सुती फडकं भिजवून पिळून फ्रिजमध्ये गार करा (फ्रीझरमध्ये नाही) आणि चावायला द्या. स्टीलचा चमचा गार करून दिला तरी बाळं खूश होतात. मेडिकलमध्ये हिरड्या सुन्न करायची जेल मिळते, तीही दोन वर्षांखालच्या मुलांना नको. आणि ताप किंवा जुलाब झाले तर ‘दात येताहेत’ म्हणून गप्प बसू नका. या वयात मुलं जमिनीवरचं सगळं तोंडात घालतात, जुलाब बहुतेक त्यातून होतात. दाताचं नाव फुकट खराब होतं.

आता चार पिढ्यांचं. सासूबाई खोटं बोलत नाहीत. त्यांच्या घरात चार पिढ्या लवंगच वापरली असणार. ठणकणाऱ्या दाढेखाली धरलेली लवंग, सेफ्टी पिनेला टोचून निरांजनाच्या ज्योतीवर भाजलेली आणि कोरड्या खोकल्यासाठी चघळलेली लवंग, विड्याला टोचलेली, नारळी पौर्णिमेला तुपात तडतडून नारळीभातात गेलेली. त्या लवंगेत आणि या बाटलीत किती अंतर आहे ते एकदा हिशेब करून बघू.

वाळलेल्या लवंगेत वजनाच्या साधारण १५ ते २० टक्के तेल असतं. एक लवंग भरते जेमतेम दशांश ग्रॅम. म्हणजे तेलाच्या एका थेंबात दोन-तीन लवंगांचा सगळा ऐवज उतरलेला असतो, आणि १० मिलीच्या बाटलीत जवळपास ६० ग्रॅम लवंगांचा. घरचा वर्षाचा मसाला करताना तुम्ही किती लवंगा घेता ते आठवा. शिवाय अख्खी लवंग चघळली तर तेल लाळेबरोबर हळूहळू सुटतं आणि फार झोंबलं की माणूस ती थुंकून टाकतो. बाटलीतलं तेल लागतं तिथे एकदम लागतं. त्यातला ७० ते ९० टक्के भाग युजेनॉल या एकाच रसायनाचा असतो. गुण त्याचा, वास त्याचा आणि भाजणंही त्याचंच.

म्हणून तुमच्या मिस्टरांच्या हिरडीवर चट्टा आलाय. रोज निर्भेळ तेलाचा बोळा हिरडीला घासला की वरची त्वचा पांढरी पडून सोलते. बहुधा तेवढंच असेल. तेल आजपासून बंद करा म्हणावं. बंद केल्यावर दोन आठवड्यांत चट्टा पूर्ण गेला नाही तर तो डॉक्टरला दाखवायलाच हवा, आणि तंबाखू, गुटखा, सुपारी यांतलं काही चालू असेल तर दोन आठवडेही थांबू नका. हे मी घाबरवायला लिहीत नाही, पण आपल्याकडे तोंडातल्या चट्ट्याला कुणी किंमत देत नाही, म्हणून ठासून लिहिते.

दाढेवर लवंग चालते, यात मात्र सासूबाई शंभर टक्के बरोबर. युजेनॉल नसेला बधिर करतं. दातांच्या दवाखान्यात शिरताच जो वास येतो तो बऱ्याचदा याचाच असतो. झिंक ऑक्साइडची पांढरी पूड युजेनॉलमध्ये घोटून केलेला लेप दंतवैद्य शंभराहून अधिक वर्षं तात्पुरत्या फिलिंगसाठी वापरताहेत. इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांवरचं हे झाड. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत लवंग फक्त तिथेच पिकायची. १७७० च्या सुमारास फ्रेंचांनी रोपं पळवून मॉरिशसला नेली, पुढे झांजिबार लवंगेचं आगर झालं. इतकी मारामारी नुसत्या मसालेभातासाठी झाली नाही, औषधी गुणांचाही त्यात वाटा होता.

अडचण वेगळी आहे. लवंग दुखणं झाकते, कीड थांबवत नाही. दिवाळीपासून किडत असलेल्या दाढेतली कीड एव्हाना आतल्या नसेला पोचली असणार. आता एखाद्या सकाळी मिस्टर उठून म्हणतील, “अगं, दुखायची थांबली!” तेव्हा सगळ्यात जास्त सावध व्हा. नस मेली की दुखणं थांबतं, मग पू मुळाशी साठतो. गालाला सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास, यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. रूट कॅनलच्या खर्चाने अडले असतील तर तुमच्या अंगणात उपाय आहे. नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे, सगळीकडे डेंटल कॉलेजं आहेत. तिथे शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, खेपा दोन-चार जास्त होतात, पण बिल खासगी दवाखान्यापेक्षा बरंच कमी येतं.

आणि डेंटिस्टला सांगायला लावा, “मी रोज लवंगेचं तेल लावत होतो.” लाजून लपवू नये. दातांच्या रंगाचं जे आधुनिक फिलिंग असतं ते युजेनॉल शिल्लक असेल तिथे नीट घट्ट होत नाही. डॉक्टरला माहीत असेल तर तो आधी दात साफ करून घेतो.

अपॉइंटमेंट मिळेपर्यंतच्या एक-दोन रात्रींसाठी तेल वापरायचंच असेल तर एक छोटा चमचा खोबरेल तेलात दोन-तीन थेंब घाला. कान साफ करायच्या काडीचं टोक त्यात बुडवा, जादा तेल कडेला निथळू द्या आणि दाढेच्या खड्ड्यातच टेकवा. हिरडीला, गालाला लागू देऊ नका. थोड्या वेळाने चूळ भरा, थुंका, गिळू नका. बोळा दाढेत ठेवून झोपणं तर अजिबात नको. खरं सांगायचं तर मी अशा वेळी अख्खी लवंगच धरायला सांगते. तीत प्रमाण चुकायची भीती नसते.

सासूबाईंच्या गुडघ्यांना तेल लावायला हरकत नाही. मोठा चमचाभर तिळाच्या तेलात तीन-चार थेंब पुरे. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघा, लाली किंवा खाज आली तर सोडून द्या. लावल्यावर वरून गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. त्या रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असतील तर एक जपा. युजेनॉल रक्त गोठण्याच्या आड येतं, म्हणून तेल पोटात घेण्याचा प्रयोग त्यांनी करू नये, कुणी कितीही खात्रीने सांगितलं तरी. आणि चोळून झालं की साबणाने हात धुतल्याशिवाय नातीला घ्यायचं नाही. हे त्यांना प्रेमाने, पण रोज सांगावं लागेल.

मुंग्यांचं लगेच मिटवते. साखरेच्या डब्यात चार अख्ख्या लवंगा टाका, तेल नको. तेलाचा थेंब साखरेत पडला तर पुढचे पंधरा दिवस चहा दंतमंजनासारखा लागेल.

डासांसाठी लिंबू अर्धं कापून त्यात लवंगा खोचून खिडकीत ठेवायची पद्धत सगळ्यांनाच माहीत आहे. दिसतं छान, वासही छान येतो. तेवढ्यावर विसंबून बाळाला झोपवू नका. लवंगेच्या तेलाने डास काही वेळ लांब राहतात हे खरं, पण तेवढा परिणाम व्हायला ते जितकं दाट लागतं तितकं कातडीला सोसत नाही, आणि वास उडाला की डास परत. मशीनमध्ये तेल घालून बाळाच्या खोलीत रात्रभर वाफ सोडणंही नको. घरात मांजर असेल तर मुळीच नको, मांजरांच्या यकृताला हे तेल पचवता येत नाही. घणसोली खाडीकाठी, त्यात बाजूला कुठे ना कुठे बांधकाम चालू. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि तुमच्याच घरातल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. कुंडीखालची बशी, फ्रिजमागचा ट्रे, एसीच्या पाण्याची बादली आठवड्यातून एकदा कोरडी करा. बाळाला दुपारच्या झोपेलाही मच्छरदाणी लावा. जुनी घडीची मच्छरदाणी या बाबतीत अजून कुणाला हार गेलेली नाही.

जाता जाता एक गंमत. महापालिका डासांच्या अळ्या खायला टाक्यांत गप्पी मासे सोडते. हेच लवंगेचं तेल पाण्यात मिसळून मत्स्यतज्ज्ञ माशांना गुंगी देतात, तपासणी करताना मासे धडपडू नयेत म्हणून. सासूबाई कुंडीतल्या पाण्यात तेल ओतत असतील आणि त्यात गप्पी असतील, तर तुम्ही डासांची बाजू घेताय असं समजा.

बुरशीवर मात्र तेलाला बरा गुण आहे. युजेनॉल बुरशीची वाढ रोखतं. लिटरभर पाण्यात पाव छोटा चमचा तेल घाला, फवारणीच्या बाटलीत भरा. तेल पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसतं, त्यामुळे दर वेळी मारण्याआधी बाटली जोरात हलवावी लागते, नाहीतर पहिले फवारे निर्भेळ तेलाचे आणि पुढचे सगळे नुसत्या पाण्याचे. आधी ओल्या फडक्याने बुरशी पुसून काढा. कोरडी झाडू नका, सगळे कण घरभर उडतात. हातमोजे घाला, खिडकी उघडा, बाळाला दुसऱ्या खोलीत ठेवा. काळे डाग यामुळे जाणार नाहीत, हे ब्लीच नाही. ब्लीचमध्ये मिसळूही नका. फर्निचरच्या पॉलिशवर आणि प्लॅस्टिकवर फवारा पडला तर पृष्ठभाग चिकट होतो, खराबही होतो, तेव्हा कोपऱ्यात करून बघा.

पण कपाटामागेच का धरते, ते आधी बघा. कपाट भिंतीला चिकटून असेल तर चार बोटं पुढे ओढा, हवा खेळू द्या. भिंत हाताला गार ओली लागत असेल तर पाणी कुठून येतंय ते शोधा. ओल बाहेरच्या भिंतीतून किंवा गच्चीतून येत असेल तर ती दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने व्हायला हवी, उपविधींत तसं आहे. वरच्या फ्लॅटच्या बाथरूमची गळती असेल तर ते त्या सभासदाने करायचं. सेक्रेटरींना तोंडी सांगून भागत नाही. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, फोटो जोडा, आणि पावसाळ्याआधी द्या. जुलैत अर्ज दिला तर उत्तर दिवाळीनंतर येतं.

तेल आणायचंच असेल तर बघून आणा. ‘लवंग तेल’ असा मोठा छाप असतो आणि खाली बारीक अक्षरांत तिळाच्या तेलात मिसळल्याचं लिहिलेलं असतं. ते वाईट नसतं, गुडघ्यांना उलट बरं. पण मग मघाचं थेंबांचं प्रमाण त्याला लागू होत नाही. घरी पारख सोपी आहे. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, एक थेंब टाका आणि काडीने हलकं ढवळा. लवंगेचं शुद्ध तेल पाण्यापेक्षा जड असतं, त्याचे मणी तळाशी जाऊन बसतात. तिळाचं किंवा दुसरं गोडं तेल मिसळलेलं वर तरंगतं. लवंगेच्या झाडाच्या पानांचं तेल कळीच्या, म्हणजे खुद्द लवंगेच्या, तेलापेक्षा स्वस्त असतं, तेही याच नावाने विकलं जातं, म्हणून लेबल वाचा. काचेच्या गडद बाटलीतलं, फिरकीच्या झाकणाचं घ्या. रबरी फुग्याच्या ड्रॉपरचं नको. त्या वाफेने रबर मऊ होऊन चिकटतं आणि मग एका थेंबाऐवजी धार लागते.

लवंगांचीही पारख त्याच ग्लासात होते. तुर्भ्याच्या मसाला मार्केटातून आणल्या असतील किंवा कोपऱ्यावरच्या वाण्याकडून, तेल काढून घेतलेल्या लवंगा सगळीकडे मिसळलेल्या असू शकतात. चांगली लवंग पाण्यात बुडते, तेल काढलेली वर तरंगते. चांगल्या लवंगेच्या देठात नख रुतवलं की तिथे तेलाची ओल दिसते.

राहिलं सासूबाईंशी बोलणं. पत्र वाचताना मला जाणवलं की वाद होतो तो तुमच्यात आणि त्यांच्यात, आणि मिस्टर तोंडात बोळा धरून बसलेले असतात. बाळाच्या तोंडात तेल घालायचं नाही, हे आईला सांगायचं काम त्यांचं. तुम्ही सांगितलंत तर सुनेचं ज्ञान ठरतं, लेकाने सांगितलं तर काळजी ठरते. अन्याय आहे, पण आज बाळ महत्त्वाचं. मोबाइलवरचे लेख त्यांना वाचून दाखवू नका, त्याने फक्त आवाज चढतात. उलट त्यांना त्यांच्या हक्काचं काम द्या. ग्लासातली पारख त्यांना करायला सांगा, वर्षाच्या मसाल्याच्या लवंगा त्यांच्याकडून निवडून घ्या, खोकला झाला की भाजलेली लवंग त्यांच्याकडे मागा. ती मोठ्यांसाठी बरं का. लवंगेचं मधातलं चाटण बाळाला एक वर्षाच्या आत नको, तिथे धोका मधाचाही आहे.

नवव्या महिन्याचं गोवर-रुबेलाचं इंजेक्शन जवळ आलं असेल. त्या दिवशी सासूबाईंना बरोबर न्या आणि लवंगेच्या तेलाचा प्रश्न डॉक्टरांना त्यांनाच विचारू द्या. तुम्ही मध्ये बोलू नका.